बोरटोल्याची एकच बस

कंडक्टर खुशबू रामटेकेनं बोरटोल्याची ड्युटी मागून घेतली, तेव्हा गडचिरोलीच्या एसटी आगारात सगळ्यांना नवल वाटलं. ती ड्युटी म्हणजे शिक्षाच. सकाळी अंधुक असतानाच निघायचं, वैनगंगेचा पूल ओलांडून सावली गाठायची, तिथून हमरस्ता सोडून नऊ किलोमीटर आत शिरायचं. धानाच्या बांध्या, मधे एक कालवा आणि खड्डेच खड्डे. बोरटोल्याच्या समाजमंदिरापुढं गाडी वळवायची, वीस मिनिटं थांबायचं आणि आल्या वाटेनं परत. संध्याकाळी पुन्हा तेच. त्या गावाला दुसरी गाडी नव्हती.

ड्युटी लावणाऱ्या बाबूनं चष्मा वर करून पाहिलं. "कोनाशी भांडण झालं का बाई? स्वतःहून काऊन जाऊन राह्यल्या तिकडं?"

"शांत रूट हाय, म्हणून."

"शांत हाय, पण अडकान. सहा महिने बदलून मिळनार नाई, आत्ताच सांगून ठेवतो."

"नका देऊ बदलून," खुशबू म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

खरं कारण तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं माणूसही नव्हतं. वरोऱ्याच्या गुलाब आणि सत्यशीला रामटेके यांनी तिला चंद्रपूरच्या एका शिशुगृहातून आणलं, तेव्हा ती चार महिन्यांची होती. गुलाब टपाल खात्यात होते. पोरगी तेरा वर्षांची झाल्यावर त्यांनीच तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, कोणी बाहेरचं सांगण्याआधी. तिनं ते ऐकून घेतलं आणि पुढं सतरा वर्षं त्यावर कधी बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी गुलाब गेले. त्यांच्या पेटीत दत्तकाचा कोर्टाचा कागद निघाला. त्यावर जन्म देणारीचं नाव नव्हतं. फक्त एवढंच की आईनं मूल स्वखुशीनं संस्थेच्या स्वाधीन केलं आणि आपलं नाव गुप्त ठेवायला सांगितलं.

'स्वखुशीनं' हा शब्द खुशबूच्या डोक्यातून जाईना.

"शोधायचं असन त शोध," सत्यशीला म्हणाली होती. ती तेव्हा तांदूळ निवडत होती आणि तिनं मान वर केली नाही. "मी अडवत नाई. पण मले काई सांगू नको. सापडली तरी नाई, नाई सापडली तरी नाई."

म्हणजे दार उघडंही होतं आणि बंदही. खुशबूनं रीतसर अर्ज केला. आठ महिने गेले. मग जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयातून दिव्यानी नावाच्या मॅडमचा फोन आला. त्या तरुण होत्या, मनानं चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "त्या सापडल्या. मी स्वतः जाऊन भेटले, कोणाला कळू न देता. पण त्यांनी संमती दिली नाही. दोनदा विचारलं. त्यांनी हात जोडले माझ्यापुढं. कायद्यानं मला यापुढं काही सांगता येत नाही, ताई."

खुशबू टेबलावरच्या बंद फायलीकडं पाहत राहिली. ते पाहत बसणं दिव्यानी मॅडमना सोसवलं नसावं. त्या काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "आणि तुमची एसटी तरी काय हो! बोरटोल्याला दिवसभरात एकच गाडी. परत यायला मला संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसावं लागलं." म्हणाल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. खुशबूनं ऐकलंच नाही असं दाखवलं. नमस्कार करून ती बाहेर आली आणि जिन्यात कठडा धरून उभी राहिली.

गाव कळलं होतं. माणूस कळलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे ती तिकीट देताना प्रत्येक बाईचं तोंड पाहायची. पंचेचाळिशीच्या पुढची कोणीही चढली की आधी तिच्यापाशी जायची. एक लंगडत चढायची, एकीच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, एक नातवाला घेऊन दवाखान्यात जायची. प्रत्येकीला बायकांच्या सवलतीचं अर्धं तिकीट फाडून देताना तिला वाटायचं, हिचा हात माझ्यासारखा आहे का? मग स्वतःचीच लाज वाटायची. गाडी चालवणारे नानाजी भाऊ साठीला आलेले, कमी बोलणारे. ते आरशातून पाहायचे आणि एवढंच म्हणायचे, "बाई, घंटी द्या."

तिसऱ्या आठवड्यात रखडलेल्या हिवाळी परीक्षा संपून कॉलेजचं नवं सत्र सुरू झालं आणि सकाळी एक पोरगी चढली. विशीची, खांद्यावर बॅग, कानात वायर. तिनं पास पुढं केला. खुशबूनं पासवरचा फोटो पाहिला, मग पोरीकडं पाहिलं आणि पास परत द्यायचं विसरली. तीच हनुवटी, मधोमध खळी पडलेली. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर. आरशात रोज दिसते तशी.

मागच्या बाकावरची खर्रावाली बाई हसली. "अवो माय! कंडक्टर बाई अन् आपली आचल, दोघी एका साच्यातल्या दिसून राह्यल्या!"

"हाव ना वो," दुसरी म्हणाली. "जुळ्याच जशा."

आचलनं वायर काढली, खुशबूकडं नीट पाहिलं आणि तिलाही हसू आलं. "खरंच की वो ताई! थांबा, एक सेल्फी काढते. आईले दाखवते घरी."

"ड्युटीवर नाई चालत," खुशबू म्हणाली. पण तोवर फोटो निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, सावलीच्या बाजाराचा. बोरटोल्याच्या थांब्यावर ढिवरांच्या बाया मासळीच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात एक सडपातळ बाई मागं उभी होती, आधीच्या मंगळवारी गर्दीत खुशबूच्या नजरेतून सुटलेली. टोपलीवर ओलं पोतं, केसांत पांढरं आलेलं. सगळ्या चढल्या तरी ती चढेना. नानाजी ओरडले, "गोकुळाबाई, चढा ना वो! आज कायचा मुहूर्त पाहून राह्यल्या?"

ती चढली. खिडकीला चिकटून बसली. खुशबू तिकिटाचं यंत्र घेऊन तिच्यापाशी आली, तेव्हा तिनं पदर पुढं ओढून पैसे नुसते बाकावर ठेवले. तिकीट तिनं धड धरलंच नाही, कागद खाली पडला. तो तिनं उचललाच नाही. सावली येईपर्यंत ती बाहेर पाहत राहिली आणि खुशबू दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली. गाडीत चाळीस माणसं होती. आचल पुढच्या बाकावरून मागं वळून सांगत होती, "आई, पाह्य ना, ह्याच त्या ताई!"

"दिसल्या," गोकुळा म्हणाली.

तेवढा एकच शब्द खुशबूनं त्या दिवशी तिच्या तोंडून ऐकला.

पुढच्या मंगळवारी गोकुळा थांब्यावर नव्हती. बाकीच्या बायांना विचारायची सोय नव्हती. गाडी कालव्याच्या अलीकडं आली, तेव्हा रस्त्याच्या कडेनं कोणीतरी चालताना दिसलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, एका हातानं धरलेली. पोत्यातून पाणी गळून पाठ भिजली होती. मार्चचं ऊन सकाळीच चटका देत होतं. नानाजींनी हॉर्न दिला, गाडी उभी केली.

"अवो गोकुळाबाई! पायी काऊन? चढा!"

गोकुळानं मान वळवली नाही. "जा तुमी. मले पायीच बरं हाय."

"नऊ किलोमीटर? डोकं फिरलं का तुमचं?"

"जा म्हटलं ना भाऊ."

गाडीत कुजबूज झाली. कोणी म्हणालं, घरी भांडण झालं असन. कोणी म्हणालं, अंगात आलं असन. आचल उठून दारात आली. "आई, काय नाटक हाय हे? ये ना!" गोकुळा चालत राहिली. नानाजींनी आरशातून पाहिलं. "बाई, घंटी द्या. टाइम होऊन राह्यला."

खुशबूचा हात दोरीवर होता. खाली उतरावं, टोपली हातात घ्यावी, काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. पण कोण म्हणून उतरणार? चाळीस माणसं पाहत होती. तिनं दोनदा घंटी दिली. गाडी निघाली आणि मागच्या काचेतून ती टोपली धुळीत दिसेनाशी होईपर्यंत खुशबू पाहत राहिली.

असं तीन मंगळवार झालं. गोकुळा पहाटे गाडीच्या आधी निघायची आणि कुठंतरी कालव्यापाशी गाडी तिला गाठायची. नानाजींनी हॉर्न द्यायचंही सोडलं. इकडं आचल मात्र खुशबूला चिकटली होती. पुढच्या बाकावर बसून सगळं सांगायची. बाबा दादाजी तळ्याच्या मासेमारी संस्थेत आहेत, भाऊ निकेश हैदराबादला मिस्त्रीकाम करतो, मूलकडच्या एका मुलाशी आपली सोयरीक जमून राह्यली. "आईले काय झालं काई समजत नाई, ताई. रात्री झोपत नाई. त्या सेल्फीवरून मले इतक्या शिव्या दिल्या! म्हणे, डिलीट कर. तुमच्या घरी तुमच्यासारखं दिसणारं अजून कोनी हाय का वो?"

"मी बाबांसारखी दिसते," खुशबू म्हणाली. गुलाब रामटेकेंचा चेहरा आठवून ती खोटं बोलली होती आणि ते खोटंही नव्हतं.

ती बाबूकडं गेली. "ड्युटी बदलून द्या साहेब."

"सही तुमचीच हाय ना बाई? सहा महिने."

"तब्येत बरी नाई."

"मेडिकल आना मंग." बाबूनं कागद पुढं सरकवला आणि दुसऱ्याशी बोलू लागला.

त्या आठवड्यात तिनं आपली साप्ताहिक सुट्टी बदलून मंगळवारी घेतली, आचलच्या कॉलेजलाही सुट्टी होती त्या दिवशी. सकाळी साडेसहाला ती स्कूटीवरून कालव्याचा पूल ओलांडून बोरटोल्याच्या बाजूला उभी राहिली. गोकुळा लांबून दिसली. तिनंही खुशबूला पाहिलं आणि पावलं मंद झाली, पण थांबली नाहीत. रस्ता एकच होता. वळायला वाट नव्हती.

"आज सुट्टी हाय माही," खुशबू म्हणाली. "टोपली द्या. गाडीवर ठेवते."

"राहू दे."

खुशबू स्कूटी तिथंच सोडून तिच्या बाजूनं चालू लागली. दोघी शंभरेक पावलं चालून पुलावर आल्या. मग गोकुळानं समोर पाहतच विचारलं, "गाव कोनं सांगतलं तुले? त्या म्याडमनं?"

"कोनीच नाई. मीच हुडकलं."

"मी नाई म्हटलं होतं. कागदावर अंगठा नाई, सही केली मी. पुरी सही. दोनदा इचारलं तिनं, दोनदा नाई म्हटलं."

"माहीत हाय मले."

"तरी आली."

"मी काई मागायले नाई आली," खुशबू म्हणाली.

गोकुळा तेव्हा थांबली. टोपली डोक्यावरून उतरवून पुलाच्या कठड्यावर ठेवली आणि पहिल्यांदा खुशबूकडं सरळ पाहिलं. "मागत नाई म्हणते, अन् रोज दारात येऊन उभी राह्यते. तुमच्या आगारात शंभर गाड्या असतीन. आमाले एकच हाय. मी कुठून जाऊ, सांग? बाया हसून राह्यल्या, एका साच्यातल्या म्हणून. आज हसतीन, उद्या इचारतीन. आचलच्या बाबाले काई माहीत नाई. माह्या सासूले नाई. त्या पोरीची सोयरीक मोडली त मी काय तोंड दाखवू तिले?"

ती हळू आवाजातच बोलत होती. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी दर वाक्याला तिची नजर मागं जात होती. खुशबूच्या ध्यानात आलं की ही बाई तीस वर्षं अशीच मागं पाहत चालली असेल. शोधताना तिनं नकाराचा विचार केला होता, रडण्याचा केला होता, मिठीचा तर कितीदा. आपल्या येण्यानं कोणाचा रस्ता बंद होईल, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"चूक झाली माही," ती म्हणाली.

गोकुळानं पोतं नीट केलं. उगाचच, नीट असलेलं. मग म्हणाली, "एकोणीस वर्षांची होती मी. मामाच्या घरी शिवणकाम शिकायले गेली, असं सांगतलं गावात. त्या माणसाचं नाव इचारू नको. तो तुले काई कामाचा नाई." तिनं टोपली कठड्यावर जरा आत सरकवली. "अकरा दिवस पाजलं तुले. मंग तिथली बाई म्हणाली, आता पाजू नको, जीव लागते. दूध सुकवायले मोगऱ्याची फुलं बांधली छातीले. घट्ट. दोन दिवस ताप होता मले. तवापासून घरात मोगरा आला की मी बाहेर जाऊन बसते. आचल म्हणते, आईले वास सोसत नाई."

खुशबूचे डोळे भरले. हात पुढं करावा की नाही, तिला कळेना. गोकुळानं तिच्याकडं पाहिलं, पण आपले हात टोपलीवरच ठेवले.

"एक सांग," ती म्हणाली. "ज्या घरी गेली, तिथं खायापियाचे हाल त नाई झाले?"

"नाई. बाबा सायकलवर शाळेत न्यायचे. आई आदी माह्या ताटात वाढते, मंग स्वतः घेते. अजूनही."

गोकुळानं हलकेच मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली. आणि पुन्हा, "बरं झालं."

मागून गाडीचा आवाज आला. धूळ उडवत बोरटोल्याची बस पुलावर आली. दारात दुसरा कंडक्टर होता, बदलीवर आलेला पोरसवदा माणूस. नानाजींनी गाडी उभी केली. त्यांनी दोघींना पाहिलं आणि नजर समोर वळवली. गोकुळानं दारातल्या माणसाकडं पाहिलं, टोपली उचलली आणि न बोलता चढली. आतून कोणीतरी म्हणालं, "आली का बापा एकदाची!" घंटी वाजली. खुशबू कठड्यापाशी उभी होती. आपण नाही म्हणून ती चढली, हे तिला इतकं लख्ख दिसलं की रडूही आलं नाही.

त्याच दुपारी ती आगारात गेली. बाबूकडं नाही, दामिनीकडं. दामिनी तिच्याच भरतीतली, एटापल्लीच्या मुक्कामी गाडीवर होती. तीन वर्षांचं लेकरू घरी सोडून एक रात्र आड तिला एटापल्लीत काढावी लागे. खनिजाच्या ट्रकांमागं गाडी तासन्‌तास खोळंबायची. ती ड्युटी कोणीच घेत नव्हतं.

"तू बोरटोला घे, मी एटापल्ली घेते," खुशबू म्हणाली. "आपसात बदली असन त बाबू नाई म्हणत नाई."

दामिनीचा विश्वासच बसेना. "काऊन वो? काय झालं तुले?"

"काई नाई. लेकराजवळ राह्य तू."

कागदावर दोघींच्या सह्या झाल्या. एकीकडून सुटण्यासाठी तिला दुसरीकडं अडकावं लागलं, आणि तिथून बदली मागायला आता तोंड नव्हतं.

महिनाभरानं ती वरोऱ्याला गेली. सत्यशीलानं भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, ताट वाढलं. खुशबू जेवता जेवता थांबली. सांगू नको म्हटलेलं सांगावं कसं? पण सत्यशीलाच बोलली. "कार्यालयाचं पत्र इथीच आलं होतं, घरच्या पत्त्यावर. संमती नाई म्हणून. मी वाचलं, पुन्हा चिकटवलं अन् तुह्याकडं पाठवलं. मंग कोनी घेत नाई तो बोरटोला तू स्वतःहून मागितला, तवा ताडलं मी. मी नकाशात पाह्यलं, कुठी हाय ते."

"तुले माहीत होतं?"

"मले वाटलं, तू तिकडंच राह्यशीन." सत्यशीलानं तव्यावरची भाकरी उलटली. "आता एटापल्ली घेतली म्हणाली, तवा समजलं, काईतरी बिनसलं." मग तिनं विचारलं, "कशी हाय?"

"बारीक हाय. मासळी विकते. माह्यासंगं बोलता येत नाई तिले."

"येईन तरी कसं?" सत्यशीला म्हणाली आणि तव्यावरची भाकरी तिनं खुशबूच्या ताटात वाढली.

आचलचे फोन मात्र थांबले नाहीत. ताई, तुमी न सांगता काऊन गेल्या? ताई, सोयरीक पक्की झाली. मेमध्ये पत्रिका आली, मोबाइलवर. लगोलग फोनही आला.

"ताई, यायचंच. तुमी माह्या बाजूनं उभ्या राह्यल्या त लोकांले वाटन खरंच बहीण हाय." ती हसली, मग आवाज उतरला. "पण आई म्हणते, येवढ्या उन्हाचं त्या बाईले काऊन बोलावते, दूर पडते तिले, राहू दे. तुमाले राग नाई ना आला?"

खुशबूची गाडी तेव्हा ट्रकांच्या रांगेत उभी होती. पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही बाजूंना जंगल. माणसं उकाड्यानं हैराण होऊन खाली उतरली होती.

"बरोबर हाय तुह्या आईचं," ती म्हणाली. "अन् माही ड्युटीही हाय त्या दिवशी."

लग्नानंतर आठ दिवसांनी आचलनं फोटो पाठवले. वरोऱ्याच्या घरी ओट्यावर बसून खुशबूनं ते सत्यशीलाला दाखवले. नवरी, नवरदेव, पगडी बांधलेले दादाजी आणि मागं पिवळ्या लुगड्यातली गोकुळा. सगळे कॅमेऱ्याकडं पाहत होते, ती बाजूला कुठंतरी पाहत होती. सत्यशीलानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तो चेहरा कितीतरी वेळ न्याहाळला.

"थकली हाय वो बाई," ती म्हणाली. मग मोबाइल परत दिला. "ठेव जपून. पण कोनाले दाखवू नको."

"कोनाले दाखवनार?" खुशबू म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीनं तिला गडचिरोलीला परतायचं होतं. तिनं बॅग भरली.